व्हिडिओ नसलेली फाइल

१

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सुरू झालं. वेळ धाकटीच्या डोक्यात पक्की बसली, कारण तिच्या लेकीला, पिटुकलीला, नुकतीच झोप लागली होती आणि धाकटी एक डोळा घड्याळावर ठेवूनच फोन घेऊन बसली होती. पोर उठायच्या आत सगळं उरकायचं होतं.

तिला सगळे धाकटीच म्हणत. दोन भावंडांत ती लहान, म्हणून आईने लावलेलं नाव लग्नानंतरही तिच्या मागोमाग आलं. आता ते लावणारी आईच राहिली नव्हती. शेवटी शेवटी आई धाकटीकडेच होती. धाकटी शर्टांचे गठ्ठे घरी आणून त्यांना बटणं लावायची आणि आई खिडकीखालच्या कोपऱ्यात पिटुकलीला मांडीवर घेऊन बसायची. परगावचा दादा सुट्टीला आला की दोघींचे व्हिडिओ काढायचा. मग थंडीत आई गेली. ताप काय आला, छातीत काय उतरला, हां हां म्हणता कोपरा रिकामा झाला.

सकाळीच दादाचा फोन आला होता. "धाकटे, लिंक पाठवलीय. आईचे सगळे व्हिडिओ उतरवून घे. इंटरनेटवरची ती जागा मी रिकामी करणारेय. नंतर मला बोल लावू नकोस."

"पण तुझ्याकडे राहतील ना रे?"

"माझ्याच्याने बघवत नाहीत गं," दादा म्हणाला, आणि लगेच शर्टांना हल्ली कसला भाव मिळतो ते विचारू लागला.

तर धाकटी व्हिडिओ उतरवू लागली. एकेक येत गेला. आणि प्रत्येकाच्या शेजारी आणखी एक काहीतरी येत गेलं. कोपरा दुमडलेला पांढरा कोरा कागद, असं त्याचं चित्र. नाव अगदी व्हिडिओचंच, पाठच्या भावंडासारखं. फक्त शेपटीला तीन वेगळी इंग्रजी अक्षरं. बोट लावलं तर फोन म्हणे, ही फाइल उघडता येत नाही.

धाकटीला अनोळखी गोष्टीची आधीच धास्ती. पोर दोनदा शिंकली तरी ती डॉक्टरकडे धावायची. ह्या आगंतुक फाइली बघून तिला वाटलं, झालं, व्हायरस शिरला, आता आई पण जाणार फोनमधून. तिने पिटुकलीला तशीच झोपेत खांद्यावर टाकली आणि जिना उतरली.

२

मोबाइलवालीचं दुकान जिन्याखालीच होतं. दुकान कसलं, खुर्ची फिरवली की भिंतीला गुडघा लागायचा. धाकटीला ती मोठ्या बहिणीसारखी, म्हणून धाकटी तिला ताई म्हणायची.

मोबाइलवालीने फोन बघितला आणि हसली. "एवढ्यासाठी पोरीची झोप मोडलीस? अगं, ही बोलण्याची फाइल."

"म्हणजे काय ताई?"

"व्हिडिओच्या तळाशी अक्षरं येतात ना, कोण काय बोललं त्याची? ती ह्यात असतात. कुठल्या सेकंदाला कुठलं वाक्य, एवढंच. बाकी साधा मजकूर आहे, विंचू नाही." तिने काहीतरी दाबलं, कोरा कागद उघडला आणि त्यातून ओळी बाहेर आल्या. "हे बघ. मशीन ऐकते आणि लिहिते. तिला कान आहेत, डोकं नाही. पंखा घरघरला तरी लिहील, संगीत चालू आहे."

धाकटीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"एक लक्षात ठेव," मोबाइलवाली म्हणाली, "व्हिडिओ आणि फाइल, दोघांचं नाव सारखं हवं आणि दोघं शेजारी हवीत. ताटातूट केलीस तर ओळख विसरतात. मग चित्र मुकंच राहतं."

मुकं म्हटल्याबरोबर धाकटीचा हात पिटुकलीच्या पाठीवर गेला. मोबाइलवालीने जीभ चावली.

पिटुकलीला तिसरं लागलं होतं आणि तिच्या तोंडून अजून एक शब्द फुटला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, कान उत्तम आहेत, काही मुलं वेळ घेतात. सासूबाई दर फोनला विचारत, "बोलते का गं, की आहे तशीच?" आहे तशीच. हे दोन शब्द धाकटीला शर्टाची बटणं लावताना सुईसारखे टोचत राहायचे. तिला फार काही नको होतं. पोरीने एकदा आई म्हणावं. मग भले वर्षभर गप्प बसावं.

३

मोज्यांचा व्हिडिओ तिने आधी लावला. त्यात आई खिडकीखालच्या कोपऱ्यात बसलीय. पुढ्यात धुतलेल्या कपड्यांची टोपली, मांडीवर तान्ही पिटुकली. आई टोपलीतून एकेक मोजा काढते आणि जोड्या लावते. तिला ह्याचा फार नाद. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरात मोजा हरवला म्हणजे काय ते आईला विचारावं.

"हा कुणाचा गं एवढा मोठा?" आई विचारते. तळाशी अक्षरं आली. हा कुणाचा गं एवढा मोठा?

आईचा आवाज आणि खाली तिचेच शब्द. वाचताना धाकटीचे ओठ हलायचे, तशी ती आईबरोबर पुटपुटत होती.

मग आई थांबते, मांडीवरच्या बाळाकडे बघते. कोणीच बोलत नाही, पंखा तेवढा फिरतोय. तळाशी अक्षरं आली.

बाबांचा.

"आणि ह्याचा जोडीदार कुठे पळाला?" आई म्हणते. पुन्हा थांबते. पुन्हा अक्षरं.

टोपलीखाली.

आई टोपली उचलते, खालून मोजा काढते, आणि पोरीची पापी घेते.

धाकटीने व्हिडिओ मागे नेला, फोनला कान लावला. पंखा. खिडकीबाहेर कुठेतरी कुत्रं. मधे काहीही नाही. आई पुटपुटली असेल म्हणावं, तर आईचे ओठ मिटलेले. आणि बाळ तर एवढंसं, मानही नीट न धरणारं. मशीनला डोकं नाही, ताई म्हणालीच होती. पण डोकं नसलेल्या मशीनला टोपलीखालचं कसं दिसलं?

४

नवरा बसवर ड्रायव्हर. संध्याकाळी घरी आला की आधी पाय पसरून बसायचा, मग माणसात यायचा. धाकटीने त्याच्यासमोर फोन धरला.

त्याने बघितलं. "अगं, मशीनचं काय घेऊन बसलीस. आमच्या बसमधली ती रेकॉर्डवाली बाई मागचा स्टॉप पुढे आला म्हणून सांगते. उतारू माझ्या नावाने खडे फोडतात."

"पण अहो, उत्तरं बरोबर आहेत."

"मग तुझी आई लिहीत असेल. जन्मभर अंगठा उठवला, आता वर जाऊन टायपिंग शिकली." म्हणाला आणि त्याचं त्यालाच नको वाटलं. त्याने व्हिडिओ परत मागे नेला, बाबांचा ह्या शब्दावर थांबवला, आणि बघत बसला. "चुकून का होईना," तो म्हणाला, "बरं वाटतं वाचायला."

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "असल्या फाइली मी टाकल्याच नाहीत. अक्षरांची सोय मी कधी चालूच केली नव्हती. धाकटे, तू नीट झोपतेस ना?"

झोपेचं काय सांगणार. ती रोज दुपारी एकेक व्हिडिओ बघू लागली. कपड्यांचा, खिडकीचा, केस विंचरण्याचा. सगळीकडे तेच. आई विचारते, थांबते, आणि थांबलेल्या जागेत कोणीतरी उत्तर देतं. लहान लहान उत्तरं, पोरीला शोभतील अशी. तो पक्षी लंगडा आहे. मला नको टोपी. आजी, तुझा हात गार.

धाकटीला भीती वाटायला हवी होती. वाटायचीही. पण त्याहून जास्त दुसरंच वाटायचं. आपली पोर बोलते. छान बोलते, नीट बोलते. फक्त आपल्याशी बोलत नाही. मी नऊ महिने पोटात वागवली, आणि गुपितं आजीपाशी.

मग ती प्रत्येक फाइलीत एकच शब्द शोधू लागली. एकदा सापडला. केस विंचरण्याच्या व्हिडिओत, आईचा कंगवा मधेच थांबतो, तिथे.

आई का रडते?

आणि व्हिडिओतली आई मान वर करून दाराकडे बघते. दारात व्हिडिओ काढणारा दादा होता. त्याच्या मागच्या खोलीत त्या दिवशी धाकटी सासूबाईंचा फोन ठेवून रडत होती. हे कुणालाच माहीत नव्हतं.

५

त्यानंतर पिटुकलीचं ते सुरू झालं.

ती आजीच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागली. पुढ्यात कपड्यांची टोपली ओढून घ्यायची, भिंतीकडे तोंड करायची. धाकटीला वाटलं, खेळते. एकदा बटणांचा डबा घ्यायला म्हणून ती बाजूने गेली आणि तिला पोरीचा चेहरा दिसला.

पिटुकलीने तोंड उघडलं होतं. मोठं, अगदी कानापर्यंत ताणून. आवाज नाही. मग तोंड मिटत आणलं, ओठ मागे खेचले आणि दात दाखवले. सगळे इवलेसे दात. भिंतीला. मग परत तोंड उघडलं. परत दात.

"पिटू, असं करू नये गं." धाकटीने तिला जवळ ओढलं. पोर आली, कुशीत शिरली, पण मान वळवून कोपऱ्याकडेच बघत राहिली. कोणाला मधेच सोडून उठून आल्यावर बघावं, तशी.

टोपलीतल्या सगळ्या मोज्यांच्या जोड्या लागलेल्या होत्या.

पिटुकली लावते. शिकली असेल बघून बघून. धाकटीने स्वतःला असं सांगितलं आणि डबा घेतला, पण सुईत दोरा काही केल्या जाईना.

तिने फोन घेतला. यादीत सगळ्यात वर एक नवीन फाइल होती. पांढरा कागद, दुमडलेला कोपरा. नावात आजची तारीख. शेजारी व्हिडिओ नव्हता. तिने यादी खालीवर केली. कुठेच नव्हता. चित्र नसलेलं, नुसतंच बोलणं.

मोबाइलवालीने शिकवल्याप्रमाणे तिने ती उघडली. ओठ हलवत वाचू लागली.

हा कुणाचा?

आईचा.

आणि हा?

माझा.

शहाणी ती. इकडे ये. अजून जवळ.

आजी, आई बघतेय.

बघू दे. आईला सांगू नको हं.

धाकटीने मान वर केली. पिटुकली परत कोपऱ्यात जाऊन बसली होती आणि वळून तिच्याकडेच बघत होती. आणि पोरीच्या फ्रॉकची मागची बाजू, कमरेपाशी, चुरगळलेली होती. कोणी हात टाकून धरून ठेवावं, तशी.

पुढे ओळी होत्या. धाकटीने वाचल्या नाहीत. तिने फोन ओच्यात टाकला, पोरीला उचलली आणि पायात काही न घालता जिना उतरली.

६

"सगळ्या उडवा," ती म्हणाली. "ताई, एकूण एक उडवा."

मोबाइलवालीने फोन कॉम्प्युटरला जोडला. "काय झालं ते तरी सांग. ही एकटी कुठली गं? हिचा व्हिडिओ कुठाय?" तिने ती फाइल आपल्या मोठ्या पडद्यावर उघडली.

"वाचू नका! माझ्यासमोर वाचू नका."

"बरं बाई. व्हिडिओही उडवू?"

धाकटी थांबली. आईला कसं उडवायचं? तिला ताईचंच बोलणं आठवलं, ताटातूट केली की ओळख विसरतात. "नको. व्हिडिओंची नावं बदला. आणि फाइली तेवढ्या काढा. परत एकत्र यायला नकोत."

"कॉपी ठेवू एखादी? आईचं आहे म्हणून विचारते."

"नको."

मोबाइलवालीने बटण दाबलं. पांढरे कागद एकामागून एक गेले. पिटुकली कडेवर होती, ती पडद्याकडे बघत होती. शेवटचा गेला तेव्हा तिने धाकटीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि एवढ्याशा पोरीने मोठ्या माणसासारखा श्वास सोडला.

घरी आल्यावर पोर कोपऱ्यात गेली नाही. तोंड उघडणं नाही, दात दाखवणं नाही. दाराशी नुसती बसून राहिली. धाकटीला वाटलं, सुटलो. मग बघितलं तर एका पायात मोजा नव्हता. दुकानात पडला असणार.

जीव थाऱ्यावर यावा म्हणून तिने मोज्यांचा व्हिडिओ लावला. आता त्यात फक्त आई होती, आधीसारखी. खिडकी, टोपली, मांडीवर बाळ.

आईने मोजा हातात घेतला. पण विचारलं नाही, हा कुणाचा म्हणून. मान वर केली. बाळाकडे नाही, दाराकडे नाही. सरळ समोर, फोन धरलेल्या धाकटीकडे.

आईने तोंड उघडलं. मोठं. आवाज नाही. मग ओठ मागे खेचले आणि दात दाखवले. परत तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तेच करत होती, परत परत, कळवळून, समजून घे गं म्हणावं तशी.

धाकटीची नजर तळाशी गेली. तिथे अक्षरं यायला हवी होती. तळाशी काळी रिकामी पट्टी होती.

७

दुसऱ्या दिवशी ती मोजा आणायला गेली. मोबाइलवालीने तो खणातून काढून दिला, पण लगेच सोडला नाही.

"काल ती फाइल फोनमधून गेली, पण माझ्या पडद्यावर उघडीच राहिली होती," ती म्हणाली. "दुकान आवरताना नजर गेली. तू शेवटपर्यंत वाचली होतीस का गं?"

"नाही."

"तुझी आई पोरीला शिकवत होती असं वाटतं."

"काय शिकवत होती?"

मोबाइलवाली बाकीच्या ओळी आठवून आठवून सांगू लागली. आईला सांगू नको हं, आपण तिला एकदम दाखवू. तोंड उघड बघू. मोठं. आ. शाब्बास. आता दात दाखव. ई. नाही येत आजी. येईल गं, उद्या नक्की येईल, मग मी तुला तिच्याकडे सोडेन. पुन्हा कर. आ. आता ई.

सांगताना तिचं स्वतःचं तोंड उघडत होतं, दात दिसत होते.

धाकटी टेबलावरून पडद्याकडे वाकली. "ती आहे ना ताई? पडद्यावरची?"

"मी बंद केली गं. तूच म्हणालीस ना, एकूण एक." तिने मग खूप खटपट केली. पुसलेलं परत आणायचं तिच्याकडे काही असतं, तेही लावलं. पांढरे कागद परत आले, पण आत कोरे. दादाला फोन केला, तर त्याने जागा रिकामी केलेली.

८

आता मोज्यांचा व्हिडिओ पहिल्यासारखाच दिसतो. आई बाळाकडे बघते, हा कुणाचा विचारते आणि थांबते. थांबलेल्या जागेत पंखा फिरतो. नवीन फाइल येत नाही. दुपारी बटणं बाजूला ठेवून धाकटी पिटुकलीसमोर बसते, तोंड मोठं उघडते, आ म्हणते, दात दाखवते, ई म्हणते. पोर शहाण्यासारखी बघते. मग उठते, टोपलीतून एक मोजा घेते, आणि खिडकीखालच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर तो धरून उभी राहते. हात दुखेपर्यंत उभी राहते. कोणी विचारत नाही, हा कुणाचा.

म्हणून ज्यांनी हे वाचलं, त्यांनी पुढे चार जणांना सांगा. आपल्या माणसाचे व्हिडिओ उतरवताना शेजारी पांढरा कागद आला, तर घाबरून पुसू नका. आधी वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि तुमच्या फोनमध्ये कधी अशी एखादी फाइल आली, जिला व्हिडिओ नाही, आणि जिच्यात कोणी आजी कोणा पोरीला मोज्यांबद्दल विचारतेय, तर ती तुमची नाही. ती चुकून तुमच्याकडे आलीय. जपून ठेवा आणि कळवा. जिन्याखालच्या मोबाइलवालीकडे निरोप दिला तरी पोहोचेल.